वजनकाट्यावरचा आकडा आणि शरीरातील चरबी

खेळाडूंच्या बाबतीत बॉडी मास इंडेक्स कितपत विश्वसनीय?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, वर्षभरातील शस्त्रक्रियांची संख्या व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देण्याचा आपला प्रघात आहे. एरवी हे काम आपले डॉक्टर करतात. यंदा मी ते विश्वस्त मंडळाकडून मागून घेतले. त्याला कारण असे की, ज्या चुकीतून हा विषय पुढे आला ती वैद्यकीय नव्हती, कार्यालयीन होती. आणि कार्यालयाची जबाबदारी माझी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य आकड्यांच्या सहवासात गेले आहे. आकडा खोटे बोलत नाही, असे मी मानत आलो. परंतु आकड्याला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे ही आपलीच चूक असते, हे या प्रकरणाने मला शिकविले. पुढील मजकूर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी व आहारतज्ज्ञांनी तपासून दिला आहे.

दोन तपासणीपत्रके

काही वर्षांपूर्वी आरोग्य तपासणीचे पत्रक आपण संगणकावर घेतले. उंची व वजन भरले की संगणक त्यावरून बॉडी मास इंडेक्स, म्हणजे प्रचलित भाषेत ‘बीएमआय’, काढत असे आणि त्याखाली आपोआप शेरा छापत असे. काम झपाट्याने होई व हस्ताक्षराच्या तक्रारी उरल्या नाहीत, म्हणून आम्ही समाधानी होतो.

एका मोफत शिबिरात जवळच्या तालमीतील बावीस वर्षांचा एक पैलवान आला. नोकरीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी त्याला तपासणीपत्रक हवे होते. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, बीएमआय २८.४. खाली शेरा छापला गेला: ‘स्थूल. वजन किमान १६ किलो कमी करावे.’ त्याच दिवशी आपल्याच लेखा विभागातील एका चव्वेचाळीस वर्षांच्या सहकाऱ्याचीही तपासणी झाली. उंची तीच, वजन ६४ किलो, बीएमआय २२.१. शेरा: ‘वजन योग्य.’

पंधरवड्यानंतर त्या तालमीचे वस्ताद ते पत्रक घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, “साहेब, पोरगं आठ दिवस एकवेळ जेवतंय. दूध तोडलंय. बैठका मारताना डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणतंय. ह्याच्या अंगावर चरबी कुठाय, तेवढं मला बोट लावून दाखवा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या मुलाला पुन्हा बोलाविले. आहारतज्ज्ञांनी त्याच्या त्वचेच्या घड्या कॅलिपरने मोजून हिशेब केला, तेव्हा शरीरातील चरबीचे प्रमाण सुमारे १४ टक्के निघाले. म्हणजे ८२ किलोंपैकी चरबी साधारण साडेअकरा किलो. कमरेचा घेर ८२ सेंटिमीटर. आता वाचकांनीच वजाबाकी करून पाहावी. ज्याच्या अंगात एकंदर चरबीच साडेअकरा किलो, त्याला आमच्या संगणकाने सोळा किलो कमी करण्यास सांगितले होते! मापनात चार टक्क्यांची चूक गृहीत धरली, तरी चरबी पंधरा किलोंच्या आतच राहते. शिवाय काही चरबी शरीराला अत्यावश्यक असते. पुरुषांत ती वजनाच्या सुमारे तीन टक्के व स्त्रियांत सुमारे बारा टक्के धरली जाते. अर्थात सदर शेरा पाळायचा तर त्या मुलाला वर्षानुवर्षे मेहनतीने कमावलेले स्नायूच झिजवावे लागले असते, आणि तो ते करूही लागला होता.

दुसऱ्या पत्रकाची गोष्ट वर्षभराने उघडकीस आली. पायाची लहानशी जखम भरून येईना म्हणून आमच्या त्या सहकाऱ्याचे रक्त तपासले, तर मधुमेह बराच वाढलेला आढळला. वजन तेच, ६४ किलो. परंतु कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर होता व चरबीचे प्रमाण सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळजवळ अठरा किलो. ‘स्थूल’ ठरलेल्या पैलवानापेक्षा ‘योग्य’ ठरलेल्या कारकुनाच्या अंगात सहा किलोंहून अधिक चरबी होती. एकाच दिवशी एकाच संगणकाने एकाला विनाकारण दोषी ठरविले व दुसऱ्याला विनाकारण निर्दोष सोडले.

हा निर्देशांक आला कोठून?

बीएमआयचे गणित सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.७० मीटर असेल तर तिचा वर्ग २.८९, ८२ ला २.८९ ने भागले की २८.४ येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकानुसार १८.५ ते २४.९ हे प्रमाण योग्य, २५ पासून पुढे अतिरिक्त वजन व ३० पासून पुढे स्थूलता मानली जाते. आशियाई लोकांत कमी बीएमआयवरही मधुमेह व हृदयविकार आढळतात, म्हणून आपल्या देशात २३ व २५ या अधिक कडक मर्यादा रूढ झाल्या. आमच्या संगणकात याच मर्यादा भरलेल्या होत्या.

हे सूत्र मुळात वैद्यकशास्त्रातील नव्हे. बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ व सांख्यिकीतज्ज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात माणसांच्या मोजमापांचा अभ्यास केला. पूर्ण वाढ झालेल्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्यांना आढळले. त्यांना समाजातील ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. कोणा एकाचे रोगनिदान करायचे नव्हते. पुढे १९४० च्या दशकात मेट्रोपोलिटन लाइफ या अमेरिकन विमा कंपनीने उंची-वजनाची कोष्टके प्रसिद्ध केली व विम्याच्या व्यवहारातून ती दवाखान्यांत पोहोचली. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून निरनिराळी सूत्रे पडताळून पाहिली, केतले यांच्या सूत्राला पसंती दिली आणि त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासाला सोयीचे साधन, हीच या सूत्राची खरी ओळख होती.

आमच्या धंद्यातील दाखला द्यायचा तर बीएमआय हा एखाद्या पेढीच्या एकूण उलाढालीचा आकडा आहे. शंभर पेढ्यांची उलाढाल पाहून बाजारपेठेचा अंदाज बांधता येतो. मात्र एका पेढीची केवळ उलाढाल पाहून ती नफ्यात आहे की कर्जात बुडाली आहे, हे कोणी सांगू शकणार नाही. त्यासाठी ताळेबंदच उघडावा लागतो.

वजन कशाचे?

वजनकाट्याला हाड, स्नायू, पाणी व चरबी यांतील भेद कळत नाही. एक लीटर चरबीचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते, तर तेवढ्याच आकारमानाच्या स्नायूचे सुमारे १,०६० ग्रॅम. म्हणजे स्नायू चरबीपेक्षा जड असून जागा कमी व्यापतात. जोर-बैठका, माती खणणे, दोर चढणे यांतून ज्याची मांडी, पाठ व मान भरते, त्याचे वजन वाढते. उंची मात्र तेवढीच राहते. सूत्रातील अंश वाढतो, छेद वाढत नाही आणि बीएमआय चढतो. चरबी वाढली तरी नेमके हेच घडते. दोन अगदी भिन्न कारणांचे उत्तर एकच येते, हेच या निर्देशांकाचे मूळ वैगुण्य होय.

ही अडचण बीएमआय हे नाव पडण्यापूर्वीच लक्षात आली होती. अमेरिकन नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंचे वजन जमिनीवर व पाण्याखाली करून त्यांच्या शरीराची घनता काढली. उंची-वजनाच्या तत्कालीन कोष्टकांनुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्या १७ पैकी ११ जणांच्या शरीरात चरबी कमी होती. त्यांचे जादा वजन स्नायूंचे होते. आमच्या पैलवानावर झालेला अन्याय असा जुनाच आहे.

अमेरिकेतील मिशिगन येथे महाविद्यालयीन खेळाडूंवर झालेला व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. अतिरिक्त चरबी ओळखण्यासाठी बीएमआयची कोणती मर्यादा सर्वांत उपयुक्त ठरते, हे संशोधकांनी गटवार पाहिले. पुरुष खेळाडूंसाठी ती २७.९ निघाली, अमेरिकन फुटबॉलच्या आघाडीच्या फळीतील धिप्पाड खेळाडूंसाठी ३४.१, तर खेळाडू नसलेल्या विद्यार्थिनींसाठी २४.०. तात्पर्य, सर्वांना लागू पडेल अशी एकच रेषा आखता येत नाही. लांब पल्ल्याचा धावपटू, भारोत्तोलक व कबड्डीपटू हे तिघेही खेळाडूच. परंतु त्यांची शरीरे एका मापाने मोजता येत नाहीत.

कमी आकडा म्हणजे आरोग्य नव्हे

खेळाडूंच्या बाबतीत दुसऱ्या टोकालाही धोका आहे. धावणे, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांतील मुलींचा बीएमआय कमी किंवा ‘योग्य’ असतो, म्हणून घरचे निश्चिंत असतात. व्यायामाच्या मानाने आहार अपुरा पडत असेल, तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात व वारंवार दुखापती होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे स्वतंत्रपणे लक्ष वेधले असून ती पुरुष खेळाडूंतही आढळते, असे स्पष्ट केले आहे. वजनकाटा याविषयी काहीच सांगत नाही. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबणे ही ‘सरावामुळे होणारी साधी गोष्ट’ समजून सोडून देऊ नये, अशी पालकांना विनंती आहे.

पुण्यातील एक बोलके छायाचित्र

आमच्या लेखा विभागातील सहकाऱ्याच्या प्रकरणाशी नाते सांगणारे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु डेक्सा या क्ष-किरण तपासणीत डॉ. युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के आढळली. डॉ. युडकिन मॅरेथॉन धावत असत. डॉ. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाविषयी विनोदाने लिहिले होते की, रोज सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यासाठी आपण धावतो. जन्मतः वजन कमी असणे हेही यामागचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी सुचविले होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांत चरबी, विशेषतः पोटातील चरबी, अधिक असू शकते, ही बाब त्या एका छायाचित्राने जगापुढे मांडली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. ‘बीएमआय खेळाडूंना लागू पडत नाही’ हे ऐकून पोट सुटलेले काही गृहस्थ ‘आमचेही स्नायूच आहेत’ असे सांगू लागतात. अमेरिकेतील १३,६०१ प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात खरोखर अतिरिक्त चरबी नव्हती, त्यांतील ९५ टक्के पुरुषांना व ९९ टक्के स्त्रियांना ३० या बीएमआयच्या मर्यादेने बरोबर बाजूला ठेवले. मात्र ज्यांच्यात ती होती, त्यांपैकी केवळ ३६ टक्के पुरुष व ४९ टक्के स्त्रियाच या मर्यादेत सापडल्या. म्हणजे सर्वसामान्य लोकांत बीएमआय उगाच दोषी क्वचितच ठरवितो. निर्दोष मात्र अनेकांना सोडतो. स्नायूंमुळे बीएमआय वाढण्याची सबब फार थोड्या लोकांना शोभते.

ती सबब सगळ्या खेळाडूंनाही शोभत नाही. वजनी खेळांतील काही अवजड खेळाडूंत स्नायूंबरोबर चरबीही भरपूर असते. आखाडा सुटतो पण खुराक सुटत नाही, अशा पैलवानांचा प्रश्न तर आपल्या भागातील प्रत्येक तालमीला ठाऊक आहे. मेहनत थांबल्यावर स्नायू उतरतात व त्यांच्या जागी चरबी साठते. काट्यावरचा आकडा मात्र पूर्वीचाच राहतो आणि ‘मी तर तेवढ्याच वजनाचा आहे’ या समाधानात मधुमेह व रक्तदाब घर करतात.

मग मोजावे काय?

चरबी मोजण्याच्या अनेक पद्धती आहेत. पाण्याखाली वजन करण्याची पद्धत जुनी व बरीच अचूक असली, तरी रोजच्या व्यवहारात गैरसोयीची. डेक्सा तपासणी चरबी, हाडे व अन्य ऊती यांचा वेगवेगळा हिशेब देते. पण यंत्र महाग आहे. ज्यावर उभे राहताच चरबीची टक्केवारी दिसते ते विद्युतप्रवाहाचे यंत्र सोयीचे असले, तरी शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार त्याचा आकडा बदलतो. वजन उतरविण्यासाठी घाम गाळून आलेल्या पैलवानाची चरबी ते आहे त्याहून अधिक दाखवू शकते. कॅलिपर स्वस्त आहे. मात्र मोजणारा हात सरावलेला हवा, आणि तरीही तीन-चार टक्क्यांचा फरक पडू शकतो.

या सर्वांहून साधे साधन म्हणजे कमरेची टेप. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, कपडा बाजूला सारून, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधानतेची मर्यादा मानली जाते. त्याहून सोपा नियम असा की, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १७० सेंटिमीटर उंचीला ८५ सेंटिमीटर. आमच्या दोन पत्रकांना हा नियम लावून पाहिला, तर ८२ सेंटिमीटरचा पैलवान निर्धोक ठरतो आणि ९२ सेंटिमीटरचा सहकारी वर्षभर आधीच तपासणीस गेला असता.

जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाच्या अहवालाचा निष्कर्षही याच स्वरूपाचा आहे. बीएमआय लोकसमूहाच्या पाहणीसाठी व प्राथमिक चाळणीसाठी वापरावा. एखाद्या व्यक्तीला स्थूल ठरविण्यापूर्वी कमरेचा घेर किंवा चरबीचे प्रत्यक्ष मापन यांनी खात्री करून घ्यावी, असे आयोगाने सुचविले आहे. तेव्हा बीएमआय टाकून देण्याचे कारण नाही. चाळणीला चाळणीच समजावे, निवाडा समजू नये, इतकेच.

आपण केलेले बदल

वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तपासणीपत्रकात पुढील सुधारणा केल्या आहेत. संगणकाचा स्वयंचलित शेरा बंद केला असून बीएमआयविषयीचा अभिप्राय आता डॉक्टरच स्वहस्ताक्षरात देतात. कमरेचा घेर, व्यवसाय व खेळ-व्यायाम असे तीन रकाने वाढविले आहेत. बीएमआय अधिक पण कंबर मर्यादेत असल्यास त्या व्यक्तीला कॅलिपर तपासणीसाठी आहारतज्ज्ञांकडे पाठविले जाते. बीएमआय योग्य पण कंबर मर्यादेबाहेर असल्यास रक्तातील साखर, मेद व रक्तदाब तपासले जातात.

एका देणगीदार महोदयांनी हे वृत्त समजल्यावर डेक्सा यंत्रासाठी साहाय्य करण्याची तयारी दर्शविली. त्यांचे ऋण मानूनही विश्वस्त मंडळाने तूर्त ते यंत्र न घेण्याचे ठरविले. ज्या चुका आमच्या हातून घडल्या, त्या टाळण्यास प्रत्येक टेबलावर एक टेप व ती नीट धरणारा प्रशिक्षित हात पुरेसा होता. देणगीचा विनियोग त्यांच्या संमतीने तालुक्यातील शिबिरांत रक्ततपासणीसाठी करण्यात येत आहे.

त्या पैलवानाला आम्ही सुधारित पत्रक दिले, परंतु तोवर त्याच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. ती आमच्या हातात राहिली नव्हती, याची खंत येथे नोंदविणे मी कर्तव्य समजतो. वस्तादांनी मोठ्या मनाने तालमीतील मुलांना पुन्हा शिबिराला पाठविले. आमचे सहकारी औषधोपचार घेऊन कामावर रुजू आहेत व सायंकाळी नियमाने चालतात.

रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे आहे की, हाती तपासणीपत्रक पडले म्हणजे त्यातील एका आकड्याने हर्षून वा खचून जाऊ नये. वजन किती, या प्रश्नाबरोबर वजन कशाचे, हाही प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. तो विचारण्याचा आपल्याला हक्क आहे व त्याचे उत्तर देणे आमचे काम आहे. आपल्या सर्वांच्या विश्वासावर ही संस्था उभी आहे. तो वृद्धिंगत व्हावा, ही प्रार्थना.